मारबत सगळंच नेत नाही: साठीच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

भंडाऱ्याच्या ताई, नमस्कार.

साठी पूर्ण झाल्यावर मी लेख लिहिला होता: आता स्वतःसाठी जगा; मनातला कडूपणा मी आमच्या नागपूरच्या मारबतीसोबत, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवून जाळतात त्या पुतळ्यासोबत, पाठवून दिला. त्यावर तुम्ही लिहिलंत, "स्वतःसाठी जगा म्हणायला पेन्शन लागते, मॅडम. माझी सासू 86 वर्षांची, दोन वर्षांपासून खाटेवर. मी 59ची. तुम्ही मनातला कडूपणा मारबतीसोबत पाठवून दिला म्हणता. माझी इडापिडा तर घरातच आहे. तिला कोणती मारबत नेईल?"

वाचलं आणि दोन दिवस उत्तर सुचलं नाही.

पेन्शनचं तुमचं म्हणणं खरं आहे. मी 1989 साली अनुदानित शाळेत लागले, 58व्या वर्षी निवृत्त झाले, मला जुनी पेन्शन आहे. माझ्याच स्टाफरूममध्ये 1 नोव्हेंबर 2005पासून पुढे लागलेल्यांना ती नाही. खाजगी नोकरीत जन्म गेलेल्यांसाठी ईपीएफच्या पेन्शनची किमान रक्कम 2014 साली ठरली ती महिना 1000 रुपये. खाटेवरच्या माणसाचे महिन्याचे डायपरही त्यात येत नाहीत. हे सगळं माहीत असून मी ते वाक्य सगळ्यांना उद्देशून लिहिलं. तसं लिहायला नको होतं.

पण खाट मला माहीत नाही असं तुम्हाला वाटलं असेल, तर तो दोष माझ्या लेखाचा. जे सांगायला हवं होतं तेच मी त्यात गाळलं.

फेब्रुवारी 2016मध्ये माझी आई मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. दिवसा मी शाळेत, तेव्हा शेजारच्या मावशी बघायच्या. रात्र माझी. दर दोन तासांनी कूस बदलायची म्हणून मोबाईलवर अकरा, एक, तीन, पाचचा गजर. पाठीखाली हात घालायचा, चादर ओढून तिला वळवायचं, दोन पायांच्या मधे उशी ठेवायची, गुडघ्याला गुडघा घासू नये म्हणून. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली, कूलर बंद, आम्ही दोघी घामाने भिजलेल्या. पहाटे वीज आली, थंड वारा सुटला आणि मला गाढ झोप लागली. गजर वाजून वाजून बंद झाला. सकाळी आईला वळवलं तर माकडहाडावर रुपयाएवढा लालजांभळा डाग. बोटाने दाबून पाहिला, तो पांढरा होईना. पुढे त्याची जखम झाली, भरायला चार महिने लागले. त्या सकाळी मी आईला जे बोलले ते अजून कोणाला सांगितलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. ती फक्त "हो बाई" म्हणाली.

ताई, तुम्ही सासूला इडापिडा म्हटलंत आणि ते लिहिताना तुमचा हात थरथरला असेल, हे मला कळतं. तुम्ही वाईट नाही. तुम्हाला झोप मिळालेली नाही.

डाग दिसला त्याच दिवशी, रात्री तीन वाजता, मी पुण्याला भावाला फोन लावला आणि नुसती रडले. तो म्हणाला, "तू काहून सांगितलं नाहीस? मी दर रविवारी विचारतो, तू म्हणतेस ठीक आहे." आणि ते खरं होतं. चौदा महिने मी "ठीक आहे" म्हणत होते. मनात मात्र हिशेब मांडत होते, की हा एवढा शिकला, याला कळू नये? तो कडूपणा मी पोसला होता. भाऊ आठ दिवसांत आला, पंधरा दिवस राहिला, आईला वळवायला शिकला. वहिनीने रात्रीच्या बाईचा पगार सुरू केला. आई एप्रिल 2018मध्ये गेली, तोवर तो दर तीन महिन्यांनी येत राहिला. अंबाझरी तलावावरची माझी सकाळची फेरी, जिचं मी लेखात एवढं कौतुक केलं, ती तेव्हा सुरू झाली. कुणाकडे तरी मागून मिळालेला तो तास होता. मी त्याला "स्वतःसाठी जगणं" असं नाव दिलं आणि मागण्याची गोष्ट लिहिलीच नाही. लाज वाटली.

आता मारबतीचं सांगते. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नेहरू पुतळ्यापाशी काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, तेव्हा अख्खी इतवारी ओरडते, "इडापिडा घेऊन जा गे मारबत!" यंदा त्या गर्दीत मी ओरडले ते त्या चौदा महिन्यांच्या न बोलण्यासाठी. आईच्या खाटेसाठी नव्हे.

तुम्ही लिहिलंय, दीर दिवाळीला येतात आणि मिठाईचा डबा ठेवून जातात. त्यांना मदत करा म्हणू नका. तारीख सांगून मागा: अमुक तारखेपासून आठ रात्री तुम्ही झोपा आईजवळ. ते नाही म्हणू शकतात. माझा भाऊ हो म्हणाला म्हणून तुमचे दीर म्हणतील असं मी म्हणणार नाही. पण त्यांना नाही म्हणायला तरी लावा.

आणि एक कामाचं. 70 आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024पासून आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. दवाखान्यात भरती झाल्यावरच, घरच्या सेवेला त्यातून काही मिळत नाही. तरी सासूबाईंसाठी या योजनेचं ‘वय वंदना’ नावाचं कार्ड काढून ठेवा. ते आधारवरच्या वयावर निघतं, म्हणून तिथली जन्मतारीख आधी तपासा. माझ्या आईच्या आधारवर ती सात वर्षांनी चुकलेली होती.