‘सी’ कुठेच येत नाही म्हणे!

इंग्रजी आकड्यांच्या स्पेलिंगमध्ये 1 ते 99 पर्यंत ए, बी, सी, डी येतच नाहीत. डी पहिल्यांदा हंड्रेडमध्ये, ए थाउजंडमध्ये, बी बिलियनमध्ये आणि सी तर कितीही मोजा, कुठेच नाही. हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय आणि मी तो मुकाट्याने खोडत आलोय. पण आता भाचीने तो शाळेत वाचून दाखवायला वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलाय, म्हणून हा खटाटोप.

वनपासून नाइंटी-नाइनपर्यंतच्या ठरावीक यादीत ही चार अक्षरं नाहीत, हे खरंय. बघितलं तपासून. बी-बद्दलही माझी तक्रार नाही.

सी-चं मात्र धादांत खोटं आहे. क्रोर कसं लिहिता? सी-आर-ओ-आर-ई. अर्थसंकल्पाच्या दिवशी आपल्याकडचं कुठलंही इंग्रजी वर्तमानपत्र उघडा, पानभर क्रोरच क्रोर. ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही तो आहे. शिवाय एक क्रोर म्हणजे 10 मिलियन. म्हणजे सी बिलियनच्या बी-च्याही आधी हजर! ‘हे आपलं देशी इंग्रजी’ म्हणून नाक मुरडायचं असेल, तर अमेरिकेचा ऑक्टिलियन घ्या. एकावर 27 शून्यं, आणि दुसरंच अक्षर सी.

तेही नको? मग लिंकन. 19 नोव्हेंबर 1863 ला गेटिसबर्गच्या भाषणाची सुरुवातच त्याने ‘फोर स्कोअर अँड सेव्हन’ वर्षांपासून केली. स्कोअर म्हणजे वीस, चार विसा ऐंशी आणि वर सात: 87. स्कोअरमध्ये सी, अँडमध्ये ए आणि डी. तिघंही शंभराच्या आत! आता स्कोअर रोजच्या लिहिण्यात कुणी वापरत नाही, कबूल. पण डझन तर वापरतात ना? त्याची सुरुवातच डी-ने होते, आणि तो बाराच असतो.

ए-साठी थाउजंडपर्यंत थांबायचीही गरज नाही. ब्रिटिश पद्धतीने 101 लिहा: वन हंड्रेड अँड वन. अमेरिकेत तो अँड बऱ्याचदा गाळतात, पण ‘अ हंड्रेड’ तिथेही सर्रास लिहितात, आणि तो ‘अ’ म्हणजे ए-च.

फॉरवर्डच्या शेवटी वर मखलाशी आहे: ‘इंग्रजांनी किती विचारपूर्वक रचना केली बघा!’ कसली रचना? हंड्रेड जुन्या इंग्रजीतला, मिलियन फ्रेंचमधून आलेला, आणि स्पेलिंगं तर छपाई सुरू झाल्यानंतरही कितीतरी काळ ज्याची त्याची वेगळी होती.