काका, पुणे-लोणावळा सात दिवसांत... मान्य!

नमस्कार काका (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतेय, राग मानू नका),

खाली दोन ओळीत उत्तर द्यायला बसले होते पण ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय. ज्यांनी काकांची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी: फ्रान्सच्या निवेर्ने कालव्यावर आम्ही चौघांनी बोट भाड्याने घेऊन ओसेर ते क्लामसी असा जो आठवडा काढला, त्यावरच्या माझ्या पोस्टवर काका म्हणतात की साठ किलोमीटरला सात दिवस म्हणजे पुणे-लोणावळाच झालं की, त्यासाठी विमानाने युरोपात कशाला, दाभोळच्या फेरीबोटीत बसून या. शिवाय हे लोळायचे श्रीमंती चोचले आहेत आणि 'स्लो ट्रॅव्हल' हे त्याचं गोंडस नाव. खर्चाचा आकडा मी मुद्दाम लपवला. आणि 'संथ वाहणारा कालवा' असं जे मी लिहिलं ते साफ चूक, कारण लॉकवाल्या (म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेल्या टाक्यांत पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करतात त्या) कालव्यात पाणी वाहत नाही, उभं असतं, आणि हे ते पाटबंधारे खात्यातल्या तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतायत.

खर्चाचं आधी संपवते. लपवला नव्हता, लिहायचा राहिला, पण वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसणार हे कबूल. बोटीचं आठवड्याचं भाडं 1,700 युरो, चौघांत वाटून. डिझेल इंजिन जितके तास चालेल त्या हिशेबाने वेगळं, सायकली वेगळ्या, डिपॉझिट वेगळं. विमानाची तिकिटं धरली तर स्वस्त अजिबात नाही आणि मी तसा आव आणायला नको होता. विमान आणि डिझेल दोन्ही आलं म्हणजे 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे जे लिहिलं ते पण जरा जास्तच झालं. सिंकमध्ये भांडी घासली की ते पाणी सरळ कालव्यात जायचं, हे तर मी लिहिलंच नाही.

आता पाणी. काका, तुम्ही बरोबर आहात, पण अर्धेच. खोदलेल्या भागात पाणी जवळपास उभंच असतं, ते खरं. पण या टप्प्यात कालवा सलग नाहीये. तो योन नदीच्या खोऱ्यातून जातो आणि मधेमधे चक्क नदीतच शिरतो, मग काही अंतर तुम्ही नदीतून जाता, बाजूला बंधारा दिसतो, आणि पुन्हा दरवाजातून खोदलेल्या भागात. नदीत शिरलं की बोट लगेच वेगळी वागायला लागते. बंधाऱ्याच्या दिशेने हलकी ओढ बसते, माझ्या नवऱ्याने आयुष्यात कधी सुकाणू धरलेलं नव्हतं (तिथे भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही, थोडा वेळ शिकवतात आणि किल्ली देतात, विश्वास ठेवा), त्याचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. मी बोट त्या भागात असतानाच 'संथ वाहणारा' लिहून ठेवलं होतं, आणि मग तेच सगळ्या कालव्याला चिकटवून टाकलं. ती चूक माझी.

आणि तुम्ही ज्या खात्यात होतात म्हणून सांगते, आपल्याकडे कालवा म्हटलं की डोळ्यासमोर खडकवासल्याचा कालवा येतो, धरणातून सोडलेलं पाणी शेताला, शहराला. इथे पाणी कोणाला द्यायचंच नसतं, ते जिन्यासारखं पायरीपायरीने अडवून ठेवायचं असतं, बोटीला वर चढवायला. एक बोट चढवायची म्हणजे लॉकभर पाणी वरून खाली सोडायचं. म्हणून एकटी बोट आली तर लॉककीपर सांगतो थांबा, मागून एक येतेय, दोघांना एकदमच घेऊ. सगळ्यात वरच्या टप्प्याला तलावातून आणि योनच्या वरच्या अंगाने आणलेल्या पाटातून पाणी पुरवावं लागतं. तुम्हाला तो पाट बघायला आवडला असता, आम्ही तिथपर्यंत गेलोच नाही, क्लामसीलाच थांबलो.

आता लोळण्याबद्दल!! काका, या टप्प्यात तीसहून जास्त लॉक आहेत आणि ओसेरहून क्लामसीला जाताना चढ आहे, म्हणजे प्रत्येक लॉकमध्ये तुम्ही खाली, बाजूला शेवाळलेल्या भिंती, आणि दोर बांधायचा खुंटा कुठेतरी डोक्यावर. कोणीतरी एकाने त्या ओल्या शिडीने वर चढायचं, खालून दोर फेकायचा, वरच्याने तो खुंट्याला वेढा देऊन टोक परत खाली टाकायचं, मागचे दरवाजे बंद, मग पुढच्या दरवाजातल्या झडपा उघडल्या की पाणी असं उसळतं की दोर घट्ट धरला नाही तर बोट भिंतीवर आपटते. बहुतेक लॉक हाताने चालवायचे. एका बाजूचं हँडल लॉककीपर फिरवतो, दुसऱ्या बाजूचं आपण फिरवलं तर त्याला बरं वाटतं आणि आपलाही वेळ वाचतो. तिसऱ्या दिवशी माझ्या नणंदेच्या तळहाताला फोड आले होते. शिडी माझ्याकडे होती कारण सगळ्यात हलकी मी, असं इतर तिघांचं मत. संध्याकाळी धक्का मिळाला नाही तर काठावर हातोड्याने खुंट्या ठोकून बोट बांधायची, त्याही आपणच. फोटोत खुर्चीवर बसून चेरी खाणारी मी दिसतेय ते खरंय, जूनमध्ये त्या भागात चेरी भरपूर मिळते, पण तो फोटो काढला तेव्हा आम्ही लॉक उघडायची वाट बघत होतो.

खोदलेल्या भागात वेग ताशी 6 किलोमीटरच्या वर न्यायला परवानगी नाही. हे काही आम्ही 'स्लो' म्हणून निवडलेलं नाही, जोरात गेलं तर लाटेने काठ ढासळतो. आणि बारा ते एक सगळे लॉक बंद, जेवणाची सुट्टी. म्हणजे बारा वाजून दोन मिनिटांनी पोचलात तर तासभर बसा. मायी-ल-शातोच्या अलीकडे आम्ही असेच पोचलो, लॉककीपर बाई तिच्या घरात शिरताना पाठमोरी दिसली, नवऱ्याने भोंगा वाजवला, तिने मागे न बघता हात हलवला आणि दार लावून घेतलं. पहिली दहा मिनिटं आम्ही चिडचिड केली. मग नणंदेने पुण्याहून आणलेल्या भाजणीची थालीपीठं लावली (शाकाहारी लोकांनी काय खायचं हा तुमचा प्रश्न पण यात आला, बोटीत गॅस असतो, गावात पाव, चीज, भाज्या मिळतात, सोमवारी मात्र काही ठिकाणी बेकरी बंद), आणि बरोबर एक वाजता बाई बाहेर आली, वास आला म्हणाली, एक थालीपीठ लोण्याबरोबर उभ्याने खाल्लं आणि मग हँडल फिरवता फिरवता लाकडांची गोष्ट सांगितली. नणंद बरीच वर्षं युरोपात राहते, तिला फ्रेंच येतं म्हणून जमलं, मला त्यातला एकच शब्द कळत होता, पारी, पारी (म्हणजे पॅरिस).

ती गोष्ट मी पोस्टमध्ये घ्यायलाच हवी होती. त्या बाजूला मॉरवां नावाच्या डोंगराळ भागातलं जंगल आहे आणि शेकडो वर्षं पॅरिसच्या चुली आणि शेकोट्या त्या जंगलावर पेटायच्या. ओंडक्याच्या टोकाला मालकाची खूण हातोडीने ठोकायची, ओढ्यात सुटे सोडून द्यायचे, ते वाहत क्लामसीला यायचे, तिथे माणसं पाण्यात उभी राहून खुणा बघून ज्याचे त्याचे वेगळे करायची, मग त्यांचे सत्तरेक मीटर लांब तराफे बांधायचे आणि त्यावर उभं राहून योनमधून सीन नदीत आणि पॅरिसला. पोचल्यावर लाकूड विकलं जायचं, तराफाच उरायचा नाही, त्यामुळे माणसं चालत परत यायची. क्लामसीच्या पुलापाशी अशा तराफेवाल्याचा पुतळा आहे. आणि कालवा खोदायला घेतला तोही याच लाकडासाठी, 1784 मध्ये, मधे क्रांती झाली, पैसे संपले, पूर्ण व्हायला 1840 चं दशक उजाडलं. तोवर कोळसा आणि रेल्वे दारात उभी!! पुढे 1879 नंतर फ्रान्समधले बरेच लॉक मोठ्या बोटींसाठी 39 मीटरचे केले, याच्या मधल्या भागातले छोटेच राहिले, मोठी मालबोट आरपार जाऊच शकत नव्हती. 1960 च्या दशकात तर बंद पडायच्या बेतात होता आणि तेव्हा वाचवला तो भाड्याच्या बोटींनी. म्हणजे काका, तुम्ही ज्यांना चोचले म्हणताय त्यांच्यामुळेच ते लॉक आज चालू आहेत. आपल्या खात्याला जमेल का असं, हे तुम्हीच सांगा (गंमत करतेय).

दाभोळच्या फेरीबोटीबद्दल: बसलेय, आवडते, पण ती पलीकडे पोचवते, गाडी उतरवते आणि संपतं. त्यात राहता येत नाही, थालीपीठ लावता येत नाही. तुलना केरळच्या हाउसबोटीशी केली असतीत तर जास्त अडचणीत आले असते, पण तिथेही बोट दुसराच कोणी चालवतो.

बाकी लोणावळ्याचं तुमचं गणित एकदम बरोबर आहे, उलट तुमच्या बाजूचा पुरावा मीच देते. क्लामसीला बोट परत करून आम्ही ओसेरला ट्रेनने आलो. सात दिवसांचा रस्ता, सव्वा तास. रूळ बराच वेळ त्याच खोऱ्यातून जातात, सोस्वाचे कडे गेले, मग मधेच झाडांतून ओळखीचा लॉक दिसला, दरवाजे बंद, एक पांढरी बोट खाली अडकलेली आणि तिच्या छतावर दोन माणसं कमरेवर हात ठेवून उभी. नवऱ्याने घड्याळ बघितलं, बारा वाजून पाच.