पैसे भरलेत रे बाबा, आता तरी चालू हो!

मस्जिद बंदरच्या गोडाऊनमधल्या पीसीचा मदरबोर्ड बदलला आणि झालं, डेटाबेसचं सॉफ्टवेअर म्हणतंय लायसन्स दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. अरे कसलं दुसरं मशीन, तेच टेबल, तोच धुळकट डबा! लायसन्स-की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा कोड, हार्डवेअरला बांधलेली असते, मान्य, पण जुना बोर्ड मेल्यावर त्याच्यावरून डीअ‍ॅक्टिव्हेट कोण करणार, त्याचं भूत? ईमेलमधून ती लायसन्स-की कॉपी करावी तर मागे एक स्पेस चिकटून येते की लगेच 'इनव्हॅलिड', हाताने टाकावी तर तो शून्य आहे का इंग्रजी 'ओ' ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. सपोर्टवाले म्हणे फायरवॉल बघा, अ‍ॅडमिन म्हणून चालवा. बघितलं हो सगळं! बाहेर टेम्पोवाला चलनासाठी बोंबलतोय आणि शेजारचे क्रॅकवाले, म्हणजे फुकटात चोरीचं सॉफ्टवेअर वापरणारे, मजेत बिलं फाडतायत.