“काकांनी नंबर दिलाय”

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ऐन मीटिंगमध्ये, अनोळखी नंबरवरून तीन मिस्ड कॉल. चौथा उचलला. “मॅडम, काकांनी नंबर दिलाय. तुमच्या कंपनीत होईल म्हणाले.” कुठले काका? काय होईल? पोरगं गडबडलं. पाच मिनिटांनी उलगडा झाला की त्याचे काका म्हणजे माझा दादा. दादाला फोन केला तर साहेब म्हणतात, “अगं हो, तुला सांगायचं राहिलंच. मित्राचा मुलगा आहे. बघ ना काहीतरी.”

बघ ना काहीतरी! हे काहीतरी कसं बघतात ते आज लिहूनच टाकते.

रेफरल म्हणजे आपल्याच कंपनीत एखाद्याची शिफारस करणं. त्याचं पोर्टल उघडलं की ते आधी जॉब आयडी, म्हणजे त्या जागेचा नंबर, मागतं. तो नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. मग नाव, मोबाइल, ईमेल, सीव्हीची पीडीएफ. आणि मग एक चौकट येते: ‘तुम्ही यांना कसे ओळखता?’ एकत्र काम केलंय, वर्गमित्र, नातेवाईक, फक्त परिचय. या दोन-दहावाल्या मुलासाठी मी काय निवडू? ‘दादाच्या मित्राचा मुलगा’ हा पर्याय अजून कोणी ठेवलेला नाही.

नशीब, त्याने स्वतःहून अर्ज टाकलेला नव्हता. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत उमेदवाराचा ईमेल एकदा सिस्टिममध्ये शिरला की पुढचे काही महिने त्याचं रेफरल धरतच नाहीत. लोक उत्साहात आधी अर्ज भरतात, मग ओळख शोधत फिरतात, आणि सगळं मुसळ केरात. आधी विचारा, ‘हो’ आलं की रेफरल लावून घ्या. ‘नाही’ आलं तर खुशाल थेट अर्ज भरा.

मुलावर मी फोनवर जरा चढलेच, आता वाईट वाटतंय. आवाज कापत होता त्याचा. बावीस-तेवीस वर्षांचं पोर, त्याला हे शिकवलं कोणी? कॉलेजात टाय बांधायला शिकवतात. राग दादाचाच येतोय.

कारण ओळख करून द्यायची तर दोन्हीकडे विचारावं लागतं, आणि ते काम मधल्या माणसाचं. दादाने आधी मुलाला सांगायचं, मला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मजकूर लिहून दे. मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढाच. उदाहरणार्थ:

‘नमस्कार. मी अमुक. २०२४ ला कॉम्प्युटरची पदवी. दीड वर्ष मॅन्युअल टेस्टिंग करतोय, सध्या सेलेनियम हे ऑटोमेशन टूल शिकतोय. तुमच्याकडच्या टेस्ट इंजिनिअरच्या जागेसाठी (जॉब आयडी अमुक) रेफरल हवं आहे. नोटीस पीरियड ६० दिवस. सीव्ही सोबत आहे. नाही जमलं तरी हरकत नाही.’

शेवटची ओळ गाळू नका. समोरच्याला सुटायला वाट असली की तो निदान उत्तर तरी देतो. वाट नसली की तो ब्लू टिक देऊन गप्प बसतो आणि मग आपणच म्हणतो, मोठी झाली माणसं.

त्यावर दादाने स्वतःची एक ओळ घालायची. ‘मुलगा चांगला आहे’ ही ओळ नव्हे, सगळ्यांचीच मुलं चांगली असतात. ‘दोन वर्षं सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशोब यानेच एक्सेलमध्ये ठेवला, एकदाही चुकला नाही’, ही ओळ. हे वाचून मी एचआरला काहीतरी सांगू शकते.

मग थांबायचं. समोरून होकार आला की मगच नंबर द्यायचा. आणि तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून ‘प्लीज कनेक्ट’ लिहून पसार व्हायचं नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि आठवड्याने ग्रुप मरतो. ज्याला गरज आहे त्याने पहिला मेसेज टाकायचा, त्याच दिवशी, सोयीच्या दोन वेळा देऊन. दोन-दहाला थेट फोन नाही! पीडीएफला स्वतःचं नाव द्यायचं, ‘फायनल नवा २’ नव्हे. आणि पुढे जे होईल ते मधल्या माणसाला कळवायचं, नोकरी नाही लागली तरी.

हो, पूर्वी न विचारता लावून द्यायचेच की, मान्य. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, गावची, नात्यातली पोरं आणून कामाला लावायचा. पण मग त्यांच्याकडून काम करून घ्यायची जबाबदारीही त्याच्याच डोक्यावर असायची. (त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे स्वतःचं कमिशन, घ्यायचा, ते वेगळं.) दादाच्या डोक्यावर काय आहे? नंबर फॉरवर्ड केला, सुटला.

दादाच्या मित्राचा मुलगा असल्या लांबच्या धाग्यांनीच कामं होतात, हेही खरंच. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच हे मांडलंय. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं, नवी बातमी लांबून येते. म्हणून तर तो धागा जपून ओढायचा ना! घरच्या माणसाचा वेळ खाल्ला तर तो दोन शिव्या घालून विसरतो. लांबचा शिव्या घालत नाही, पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

असो. मघाशी त्या मुलाला वरचा नमुना पाठवला. अर्ध्या तासात भरून आला. जॉब आयडी आहे, पीडीएफला नाव आहे, शेवटची ओळही आहे. पोरगं हुशार दिसतंय. चौकटीत ‘फक्त परिचय’ भरणार आहे, तेवढंच खरं आहे.

दादा, तू हे वाचशीलच. लाइक नको करूस. त्या मुलाबद्दल तुला नक्की काय माहीत आहे ते दोन ओळींत लिहून पाठव, उद्या अकराच्या आत. आणि फोन नको, मेसेज.