‘सगळ्यांना ॲडमिन करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीकडच्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मला तो तीन ग्रुपांवर आला, चौथ्यांदा खुद्द आमच्या शेठनी पाठवला. म्हणणं थोडक्यात असं: रेडमाइन, जिरा, ट्रेलो असल्या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये परमिशनची कुलपं लावत बसू नका. परमिशन म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास. वीस-पंचवीस जणांच्या युनिटला त्याची गरजच काय? कोणी चुकलं तर हिस्ट्रीत सगळं दिसतं. आणि परवानग्या मागत बसलं की काम अडतं. तेव्हा सगळ्यांना ॲडमिन करा, म्हणजे सगळे अधिकार सगळ्यांना.

मी अंबडच्या एका कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या युनिटमध्ये प्लॅनिंग बघतो. रेडमाइनही माझ्याच गळ्यात आहे.

हिस्ट्रीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचा मेसेज त्याच वाक्याच्या भरवशावर उभा आहे. कोणी इश्यूची, म्हणजे नोंदवलेल्या कामाची, तारीख बदलली, काम दुसऱ्याच्या नावावर टाकलं, तर हिस्ट्रीत नाव-वेळ-जुनं-नवं सगळं दिसतं. कबूल. पण इश्यूच डिलीट केला तर? रेडमाइनमध्ये मुळात कचरापेटी नाही. इश्यूबरोबर त्याखालचे सबटास्क, म्हणजे पोटकामं, जातात, शेरे जातात, जोडलेली ड्रॉइंग जातात आणि ती हिस्ट्रीसुद्धा जाते. वहीच फाडली, तर फाडणाऱ्याची सही शोधायची कुठे? ट्रेलोतही आर्काइव्ह केलेलं कार्ड परत येतं, डिलीट केलेलं येत नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे खरोखरच सगळे ॲडमिन होते. एका सुपरवायझर दादांनी ‘डबल एन्ट्री दिसतेय’ म्हणून एका जॉबचा इश्यू उडवला. तो डबल नव्हता, त्याच गिऱ्हाइकाचं दुसरं पॅनल होतं. खाली अकरा सबटास्क: बसबार, वायरिंग, टेस्टिंग, सगळंच. सबटास्कही जातील, हे रेडमाइनने विचारलं होतं. पण ‘ओके’ दाबायच्या आधी कोण वाचतं? रात्रीचा डेटाबेस बॅकअप होता, त्यामुळे त्या दिवसाच्या नोंदी सोडून बाकीचं परत मिळालं. ड्रॉइंग मात्र नाही मिळाली. रेडमाइन जोडलेल्या फायली डेटाबेसमध्ये न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं, आणि त्या फोल्डरचा बॅकअप मी घेतच नव्हतो. ही चूक दादांची नाही, माझी.

आता अविश्वासाचं. त्या दादांवर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. १९७५ साली जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संगणक सुरक्षेवरच्या लेखात ‘ज्याला कामापुरते लागतील तेवढेच अधिकार’ हे तत्त्व मांडलं, तेव्हा कारण म्हणून आधी अपघात आणि चूक यांनी होणारं नुकसान सांगितलं. चोराचा नंबर नंतरचा. आपल्या नाशिकरोडला नोटांच्या प्रेसच्या गेटवर तपासणी होते, म्हणून ‘प्रेसमध्ये आहे’ म्हणणाऱ्या जावयाचा मान कमी झालेला मी तरी पाहिला नाही.

‘लहान युनिट’ हा मुद्दा ऐकायला बरा वाटतो. पण माणसं पंचवीस असली तरी लॉगिन किती, हे मोजून बघा. आमच्याकडे पावडर कोटिंगवाला व्हेंडर, गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर, दर सहा महिन्यांनी बदलणारे अप्रेंटिस, सीएकडचा मुलगा, असे सगळे होते. यातल्या कोटिंगवाल्याला दुसऱ्या कोटिंगवाल्याचा दर दिसावा, असं कोणत्या मालकाला वाटेल? रेडमाइनमध्ये ‘दर’ हा रकाना ठरावीक रोललाच, म्हणजे ठरावीक परवानग्या दिलेल्या भूमिकेलाच, दिसेल, अशी सोय आहे. पण नवा प्रोजेक्ट उघडताना ‘पब्लिक’ची, म्हणजे सदस्य नसलेल्यांनाही दिसण्याची, खूण आधीच लागलेली असते, ती आपण काढायची असते. आणखी एक खोच आहे, तिच्यात भलेभले फसतात. एखाद्याला आधीचा मोठा रोल तसाच ठेवून वर ‘फक्त बघणे’ हा रोल दिला, तर काहीही आवळलं जात नाही. रेडमाइन दोन्ही रोलच्या परवानग्यांची बेरीज करतं, वजाबाकी नाही. रेडमाइनमधल्या ग्रुपमधून आलेला रोलही त्याच बेरजेत धरायचा.

नोकरी सोडून गेलेल्याचं खातं डिलीट करू नका, लॉक करा. डिलीट केलं की त्याच्या जुन्या नोंदी अनामिक होतात.

काम अडतं, या मुद्द्यावर मात्र मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे. त्या अकरा सबटास्कच्या धसक्याने मी इतकं आवळलं, की साधं स्टेटस बदलायलाही मला फोन करावा लागायचा. एकदा सीबीएस बसस्टँडवर बसची वाट बघत असताना अर्ध्या तासात चार फोन आले. पुढच्या आठवड्यात कळलं, की कोणीतरी ॲडमिनचा पासवर्ड टेस्टिंग टेबलावर चिकटवलाय. मग काय, हिस्ट्रीत प्रत्येक ओळीवर एकच नाव: ॲडमिन. कुलूप नको इतकं घट्ट झालं की लोक किल्ली दाराशेजारीच टांगतात, आणि त्याला जबाबदार कुलूप लावणारा असतो.

तेव्हा आता आमच्याकडे असं आहे. आपल्या माणसांना दर सोडून सगळं दिसतं. इश्यू उघडायला आणि शेरा लिहायला कोणालाच अडवत नाही. ‘डिस्पॅच’ हे स्टेटस फक्त क्वालिटीवाले लावू शकतात, ते रेडमाइनच्या वर्कफ्लोमध्ये रोलनुसार बांधलंय. बाहेरच्यांना त्यांनी उघडलेलं किंवा त्यांना नेमून दिलेलंच काम दिसतं. डिलीट दोघांकडेच आहे. बाकीच्यांनी चुकीचा जॉब ‘रद्द’ या स्टेटसला टाकायचा. फोन जवळपास बंद झाले, टेबलावरचा कागदही गेला.

हे सगळं शेठना लिहून पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘पटलं. पण माझ्याकडे डिलीटचं बटण का दिसत नाहीये?’