पेडण्यात टीबीएम का नव्हता?

गोव्यातल्या पेडण्याच्या कोकण रेल्वे बोगद्यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'हाताने खोदलेल्या पेडण्याच्या बोगद्याचं तुम्ही कौतुक करता, पण टीबीएम (बोगदा खणणारं अजस्र यंत्र) आणला असता तर वर्षंही वाचली असती आणि माणसंही', असं तुमचं म्हणणं.

माणसांचा मुद्दा आधी मान्य करतो. कोकण रेल्वेच्या मऊ मातीतल्या नऊ बोगद्यांत १९ जणांचा जीव गेला आणि माझ्या लेखात त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती. कोकण रेल्वे बांधताना जीव गमावलेल्या कामगारांचं रत्नागिरीचं श्रमशक्ती स्मारक पाहून आलेल्या माणसाने असं लिहायला नको होतं. लेखात आज भर घातली आहे.

टीबीएमचं मात्र पटत नाही. याच मार्गावरचा, रत्नागिरीजवळच्या करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा काळ्या कातळातला. सुरुंग उडवल्यावर चांगला कातळ काही काळ स्वतःच्या बळावर उभा राहतो, तेवढ्यात आधार देऊन होतो. पेडण्यात होती पाण्याने गच्च झालेली चिकणमाती. खणलं की ढासळायची, मग तोच भाग पुन्हा खणायचा. अशा जमिनीत तोंड जितकं मोठं उघडाल तितकं ते अंगावर येतं. म्हणून थोडंसं उकरायचं, लगेच आधार द्यायचा, मगच पुढे सरकायचं. हे हातांनी करण्यात मागासलेपण नव्हतं.

मऊ मातीतला टीबीएम उकरलेली माती पुढच्या कप्प्यात दाबून धरतो, त्या दाबाने समोरची माती आणि पाणी थोपवतो आणि मागे काँक्रीटच्या कड्या बसवत जातो. पण तो रेल्वेच्या मापाचा घडवून घ्या, कोकणात आणा, जोडा, कड्या ओतायचा कारखाना उभारा, आणि हे सगळं जेमतेम दीड किलोमीटरसाठी! मुंबई मेट्रो ३ ला १७ यंत्रं परवडली, कारण मार्ग ३३.५ किलोमीटरचा आणि डोक्यावर शहर. शिवाय यंत्रही अडकतं. उत्तराखंडात तपोवन-विष्णुगड जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात डिसेंबर २००९ मध्ये पाण्याचा लोंढा फुटला आणि टीबीएम डोंगराच्या पोटात रुतून बसला.

टीका करायचीच तर पाण्यावरून करा, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत कोसळली, जुलै २०२४ मध्ये आत पाणी आलं, दोन्ही वेळा गाड्या वळवाव्या लागल्या. बोगदा खणून झाला तरी वरच्या डोंगरातलं पाणी दर पावसाळ्यात येतंच. ते बोगद्याच्या आतल्या काँक्रीटच्या अस्तरामागे साचण्याआधी बाहेर काढण्याची सोय पुरेशी आहे का, हे रेल्वेला आपण दोघांनी मिळून विचारू या.