नेपाळचा माल आपल्या बंदरांतून ‘फुकट’ जात नाही

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवणाऱ्या माझ्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘म्हणूनच आपले कंटेनर अडकतात.’ फॉरवर्डचं म्हणणं असं: नेपाळचा माल आपल्या बंदरांतून फुकट जातो, त्यापायी आपल्या निर्यातदारांना जागा उरत नाही, शिवाय तो माल वाटेत इथेच विकला जातो, तेव्हा नेपाळची वाट बंद करा. निपाणीपासून खानापूरपर्यंत हे फिरतंय, म्हणून लिहितो.

जागेचं आधी उरकतो. मामांची कास्टिंग (लोखंडाचे ओतीव भाग) जातात पश्चिम किनाऱ्यावर, मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला. नेपाळच्या मालाची मुख्य बंदरं कोलकाता, हल्दिया आणि 2016 पासून विशाखापट्टणम. तिन्ही पूर्व किनाऱ्यावर. एकाची गर्दी दुसऱ्याच्या माथी कशी मारता?

आता ‘फुकट’. संयुक्त राष्ट्रांचा 1982 चा समुद्रकायदा करार भारताने 1995 मध्ये मान्य केला. त्यातलं 125 वं कलम समुद्र नसलेल्या देशांना समुद्रापर्यंत वाट देतं. 127 वं कलम सांगतं की या मालावर जकात किंवा कर लावायचा नाही, मात्र दिलेल्या सेवेचे पैसे घ्यायचे. म्हणजे क्रेन, गोदाम, कोलकात्याहून नेपाळच्या सीमेवरच्या बीरगंजपर्यंतचं सुमारे 700 किलोमीटरचं रेल्वेभाडं, सगळ्याचे पैसे लागतात. माफ आहे ती फक्त जकात, कारण तो माल भारतात विकायला आलेलाच नसतो. जीएसटीच्या आधी कर्नाटकातून नुसत्या पुढे जाणाऱ्या ट्रकला निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर ट्रान्झिट पास, म्हणजे माल इथे न विकता पुढे नेण्याचा परवाना, काढावा लागायचा. आपल्या ट्रकवाल्यांना त्यात कुणी फुकटे म्हटलं नाही.

माल वाटेत मुरतो, हे पूर्ण खोटं नाही, एवढं कबूल करावं लागतं. असे प्रकार झालेत. म्हणूनच कंटेनरला सील लागतं, आता इलेक्ट्रॉनिक सीलने गाडीवर नजर ठेवतात. गळती आहे तर ती बुजवायची. रस्ता कशाला बंद करायचा?

आणि ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांचा तर राग येतो. हे करून झालंय. 1989 मध्ये भारत-नेपाळचा व्यापार आणि वाहतुकीचा करार संपला, बहुतेक वाटा बंद झाल्या आणि नेपाळात घराघरांत रॉकेल मिळेना. 2015 मध्ये सीमेवर पुन्हा माल तुंबला. त्याचे चटके भूकंपातून जेमतेम सावरणाऱ्या लोकांना बसले. पुढच्याच वर्षी नेपाळने चीनशी ट्रान्झिट करार केला आणि 2019 च्या पूरक करारात त्याला चीनची चार बंदरं मिळाली. ती फार लांब आहेत, म्हणून व्यापार आजही आपल्याकडूनच होतो. तो हातचा घालवायचा आणि त्याला देशप्रेम म्हणायचं?

मामा, आपली अडचण घरापाशीच आहे. गोव्याचं मुरगाव बंदर इतकं जवळ, पण कॅसलरॉक ते कुळे हा रेल्वेघाट 37 ला 1 चढाचा. जड मालगाडीला जादा इंजिनं लावावी लागतात. गोव्याला जाणाऱ्या चोर्ला घाटाचा रस्ता तुम्हीच पाहिलाय. निवेदन द्यायचंच तर या वाटांसाठी देऊ या, सही माझीही घ्या.